राज्यपालांनी बिलावर सही केली नाही तर? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

विधानसभेत बिल पास झालं म्हणजे कायदा झाला ना?

नाही, आणि हा गैरसमज इतका पसरलेला आहे की आधी तोच बाजूला करतो. आपल्याकडचं साधं उदाहरण घ्या, महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा सुचवणारं शक्ती विधेयक. डिसेंबर २०२१ मध्ये विधानसभा आणि विधान परिषद, दोन्हीकडे ते पास झालं, टीव्हीवर बातम्या आल्या, फॉरवर्ड फिरले, आणि अजूनही लोक बोलताना सर्रास 'शक्ती कायदा' म्हणतात. पण तो कायदा झालाच नाही. बिल राष्ट्रपतींकडे गेलं, तिथून मंजुरी आली नाही, त्यामुळे त्यातलं एकही कलम कुठल्याही पोलीस स्टेशनात कधी लागू झालं नाही. विधेयक (म्हणजे बिल) आणि अधिनियम (म्हणजे झालेला कायदा) यांच्यामध्ये एक सही असते, ही सगळी चर्चा त्या सहीची आहे.

ही सही नक्की कुणाची लागते?

राज्याच्या बिलावर राज्यपालांची, संसदेच्या बिलावर राष्ट्रपतींची. राज्यघटनेचं कलम २०० राज्यपालांसाठी आहे, कलम २०१ राष्ट्रपतींसाठी राखून ठेवलेल्या राज्याच्या बिलांसाठी, आणि कलम १११ संसदेच्या बिलांसाठी. अजून एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. कलम १६८ वाचलंत तर राज्याच्या विधिमंडळाची व्याख्याच राज्यपालांपासून सुरू होते, म्हणजे ते बाहेर बसून पहारा देणारे कुणी नाहीत, घटनेनं त्यांना विधिमंडळाचाच भाग धरलंय.

राज्यपालांसमोर पर्याय किती?

मजकूर बघितला तर कलम २०० मध्ये मंजुरी देणं, मंजुरी रोखणं आणि राष्ट्रपतींसाठी राखून ठेवणं असे तीन दिसतात. त्याला जोडून जो पहिला परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली अट, आहे तो म्हणतो की बिल धन विधेयक (फक्त कर, सरकारी खर्च अशा पैशांच्या विषयांचं बिल) नसेल तर राज्यपाल ते शक्य तितक्या लवकर, फेरविचार करा असा संदेश जोडून, सभागृहाकडे परत पाठवू शकतात. मग सभागृहानं दुरुस्ती करून किंवा न करता तेच बिल पुन्हा पास केलं, तर राज्यपालांनी मंजुरी रोखून धरायची नाही. तिथले इंग्रजी शब्द 'शॅल नॉट' असे आहेत, म्हणजे सक्तीचे.

खरा वाद अनेक वर्षं या ठिकाणी होता की 'मंजुरी रोखणं' आणि 'परत पाठवणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का. वेगळ्या मानल्या तर राज्यपाल म्हणू शकतात, मी रोखलं, परत पाठवत नाही, विषय संपला. मग निवडून आलेल्या सभागृहानं काय करायचं? पुन्हा पास करायलाही बिल हातात परत यायला हवं ना! हा नुसता व्याकरणाचा वाद नव्हता, संपूर्ण नकाराधिकार आहे की नाही हाच तो प्रश्न होता.

मग या प्रश्नाचं उत्तर मिळालं का?

मिळालं. पहिलं ठोस उत्तर १० नोव्हेंबर २०२३ ला पंजाबच्या केसमध्ये आलं. तिथे राज्यपालांनी चार बिलं थांबवली होती, कारण ज्या अधिवेशनात ती पास झाली ते अधिवेशनच वैध आहे का याची त्यांना शंका होती. सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सभागृह चालवणं हा अध्यक्षांचा विषय आहे, त्यावरून बिलं अडवता येत नाहीत, आणि मंजुरी रोखायची असेल तर बिल सभागृहाकडे परत पाठवावंच लागेल. पुढे २० नोव्हेंबर २०२५ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं, राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना, हेच पक्कं केलं. म्हणजे मंजुरी द्या, राष्ट्रपतींकडे पाठवा, किंवा रोखून सभागृहाकडे परत पाठवा, यापलीकडे नुसतंच रोखून ठेवायचा चौथा पर्याय नाही. माझ्या मते या सगळ्या वादात राज्यांच्या पदरात पडलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे आणि बातम्यांमध्ये तिला हवी तेवढी जागा मिळाली नाही.

धन विधेयकाचं काय?

ते परत पाठवता येत नाही. तसंही धन विधेयक राज्यपालांच्या शिफारशीशिवाय सभागृहात येतच नाही, मग त्यांनीच ते परत धाडणं हे विसंगत झालं असतं.

राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात ना? मग स्वतःच्या मनानं बिल कसं अडवतात?

हा मला सगळ्यात अवघड वाटणारा प्रश्न आहे आणि थोडा इतिहास सांगितल्याशिवाय उत्तर नीट येत नाही. इंग्रजांच्या काळातल्या १९३५ च्या कायद्यात गव्हर्नरला ही सत्ता 'स्वतःच्या विवेकानुसार' दिलेली होती, तसे शब्दच होते. आपल्या संविधान सभेनं बिल परत पाठवण्याच्या तरतुदीतून ते शब्द काढून टाकले. लोकनियुक्त सरकार असताना नेमलेल्या माणसाच्या विवेकाला जागा कशाला, हा विचार त्यामागे होता. १९७४ मध्ये शमशेर सिंग केसमध्ये सात न्यायाधीशांनी सांगितलं की राष्ट्रपती आणि राज्यपाल हे, घटनेनंच सोडलेले काही अपवाद वगळता, मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानंच काम करतात.

पण बिल परत पाठवायला पण मंत्रिमंडळाचा सल्ला लागत असेल, तर स्वतःच आणलेलं बिल परत पाठवा असं कुठलं मंत्रिमंडळ सांगेल? या अडचणीमुळे २०२५ च्या मतामध्ये घटनापीठानं म्हटलं की साधारणपणे राज्यपाल सल्ल्यानं चालतात हे खरं, पण कलम २०० मधला कुठला पर्याय निवडायचा हे ठरवताना त्यांना स्वतःचा विवेक आहे. कोर्टाचा तर्क मला कळतो. तरीही संविधान सभेनं मुद्दाम काढलेली गोष्ट अर्थ लावण्याच्या वाटेनं परत आली असं मला वाटतं, आणि ते मला पटलेलं नाही. विवेक एकदाच, फेरविचाराला पाठवण्यापुरता असेल तर हरकत नाही, तो सल्ला झाला. राज्याचं धोरण काय असावं यावर तो वापरला जायला लागला की मग मत कुणाला द्यायचं आणि कशासाठी द्यायचं?

बिल राष्ट्रपतींकडे पाठवणं कधी सक्तीचं असतं?

हायकोर्टाचे अधिकार इतके कमी होत असतील की घटनेनं त्याला दिलेलं स्थानच धोक्यात येईल, तेव्हा राज्यपालांनी ते राखून ठेवलंच पाहिजे. हा कलम २०० चा दुसरा परंतुक.

याशिवाय कधीकधी राज्य सरकारलाच राष्ट्रपतींची मंजुरी हवी असते, हे लक्षात घ्या, प्रत्येक राखून ठेवणं म्हणजे अडवणूक नसते. समवर्ती सूचीतल्या, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा, विषयावर केंद्राचा कायदा आधीच असेल आणि राज्याला त्याच्याशी विसंगत काही करायचं असेल, तर कलम २५४ प्रमाणे राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली की त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो. शक्ती विधेयक दिल्लीला गेलं ते याचमुळे, कारण त्यात भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) या केंद्राच्या कायद्यांत बदल होते.

राष्ट्रपतींकडे गेलेल्या बिलाचं पुढे काय होतं?

इथे राज्याची बाजू एकदम लंगडी होते. कलम २०१ म्हणतं की राष्ट्रपती मंजुरी देतील किंवा रोखतील. धन विधेयक नसेल तर ते राज्यपालांना सांगून परतही पाठवू शकतात, तेव्हा सभागृहानं सहा महिन्यांत फेरविचार करायचा, पुन्हा पास झालं तर पुन्हा राष्ट्रपतींकडे. पण दुसऱ्यांदा आल्यावर मंजुरी दिलीच पाहिजे असं कलम २०१ मध्ये कुठंही नाही. सभागृहाला सहा महिन्यांची मुदत आहे, राष्ट्रपतींना कसलीच नाही. आणि राष्ट्रपती केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात, म्हणजे शेवटी राज्याच्या बिलाचा निर्णय केंद्र सरकार घेतं. तामिळनाडूचं नीटमधून, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या देशपातळीवरच्या परीक्षेतून, सूट मागणारं बिल बघा. सप्टेंबर २०२१ मध्ये पास, फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्यपालांकडून परत, त्याच महिन्यात सभागृहानं पुन्हा पास करून पाठवलं, मग ते राष्ट्रपतींकडे गेलं आणि नकार कळला तो २०२५ मध्ये. बिल बरोबर होतं की चूक यावर तुमचं मत काहीही असो, तेवढ्या काळात बारावीच्या किती बॅच येऊन गेल्या याचा विचार करा.

एखादं बिल सगळ्यात जास्त किती दिवस अडकलेलं असू शकतं?

वरची मर्यादा नाही. आपल्या महाराष्ट्राचंच सांगतो. गोवंश हत्याबंदी वाढवणारं प्राणी रक्षण सुधारणा विधेयक विधिमंडळानं १९९५ मध्ये पास केलं, ते राष्ट्रपतींकडे गेलं आणि मंजुरी आली २०१५ मध्ये. मध्ये पाच राष्ट्रपती झाले. तो कायदा उघडून बघितलात तर नावात १९९५ आहे आणि अधिनियमाचा क्रमांक मात्र '२०१५ चा ५'. त्या दोन आकड्यांमधल्या वीस वर्षांत ज्यांनी त्यावर मत दिलं होतं त्या सभागृहातले किती आमदार उरले होते, सरकारं किती बदलली, शेतीची परिस्थिती काय होती आणि काय झाली! हा कायदा हवा असणाऱ्यांना आणि नको असणाऱ्यांना, दोघांनाही ही वीस वर्षं अन्यायाचीच आहेत, कारण एका पिढीनं केलेला विचार पुढच्या पिढीवर न विचारता लागू झाला.

मध्येच विधानसभा बरखास्त झाली तर बिल रद्द होतं का?

नाही होत. केरळच्या जमीनसुधारणा बिलावरून १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टानं हे सांगितलंय, मंजुरीसाठी गेलेलं बिल विधानसभा गेली म्हणून मरत नाही. वरचं वीस वर्षांचं उदाहरण शक्य झालं ते यामुळेच.

'शक्य तितक्या लवकर' म्हणजे किती लवकर?

सगळं भांडण या तीन शब्दांवर येऊन थांबतं. गंमत नाही, पण राष्ट्रपतींसाठीच्या कलमाच्या मसुद्यात आधी सहा आठवड्यांची मुदत होती, बिल परत पाठवायचं तर तेवढ्यात पाठवा अशी. ती काढून 'शक्य तितक्या लवकर' हे शब्द घालायची दुरुस्ती डॉ. आंबेडकरांनीच मांडली. संविधान सभेचे सदस्य एच. व्ही. कामत यांचा त्याला आक्षेप होता, ठरावीक मुदत असलेली बरी असं त्यांचं म्हणणं. आज मागे वळून बघताना कामतांचं म्हणणं फार पटतं मला. ज्यांनी मुदत काढली त्यांना वाटत होतं की त्या खुर्चीवर बसणारा माणूस 'लवकर' या शब्दाचा अर्थ प्रामाणिकपणे लावेल.

केंद्र-राज्य संबंधांवर नेमलेल्या नंतरच्या आयोगांनी आकडे सुचवले. सरकारिया आयोगानं १९८८ च्या अहवालात राष्ट्रपतींकडच्या बिलांसाठी चार महिने म्हटलं, २०१० मध्ये पुंछी आयोगानं राज्यपालांनी सहा महिन्यांत निर्णय घ्यावा असं सुचवलं. घटनेत यातलं काहीच आलं नाही. एप्रिल २०२३ मध्ये तेलंगणाच्या केसमध्ये कोर्टानं एवढं सांगितलं की या शब्दांना घटनात्मक अर्थ आहे, राज्यपालांनी तो लक्षात ठेवावा.

मग तामिळनाडूच्या निकालात मुदत ठरली होती ना? ती गेली कुठे?

ठरली होती, टिकली नाही. नीट क्रमानं सांगतो कारण यात लोक फार गोंधळतात. तामिळनाडूच्या राज्यपालांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये दहा बिलं मंजुरी न देता परत केली, त्यातली बरीचशी विद्यापीठांच्या कुलगुरू नेमणुकीबद्दलची आणि सगळ्यात जुनं २०२० चं. सभागृहानं १८ नोव्हेंबरला खास बैठक घेऊन दहाच्या दहा पुन्हा पास केली. आता कलम २०० च्या साध्या वाचनानुसार मंजुरी रोखता येत नव्हती, तर राज्यपालांनी ती सगळी राष्ट्रपतींसाठी राखून ठेवली.

८ एप्रिल २०२५ ला न्यायमूर्ती पारडीवाला आणि महादेवन यांच्या पीठानं ही कृती बेकायदा ठरवली, राज्यपालांना एक महिना किंवा तीन महिने अशी परिस्थितीनुसार मुदत घातली, राष्ट्रपतींनाही तीन महिने दिले, आणि कलम १४२ खालचा खास अधिकार वापरून त्या दहा बिलांना मंजुरी मिळाल्याचं मानलं. तीन दिवसांत तामिळनाडूच्या राजपत्रात ते कायदे छापून आले, खाली ना राज्यपालांची सही ना राष्ट्रपतींची.

१३ मे ला राष्ट्रपतींनी कलम १४३ खाली सुप्रीम कोर्टाला चौदा प्रश्न विचारले. सरन्यायाधीश गवई यांच्या घटनापीठानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दहा दिवस ऐकलं आणि २० नोव्हेंबरला मत दिलं की घटनेत नसलेली मुदत कोर्ट घालू शकत नाही, आणि 'मानीव मंजुरी' तर अजिबातच नाही, कारण तसं केलं तर एका घटनात्मक पदाचं काम कोर्टानं स्वतःच उरकल्यासारखं होतं.

म्हणजे राज्यपाल आता कितीही काळ बसून राहू शकतात?

तसंही नाही. त्याच मतात कोर्टानं म्हटलंय की उशीर लांबलचक असेल, कारण दिलेलं नसेल, अंत दिसत नसेल, तर कोर्ट राज्यपालांना वाजवी वेळेत निर्णय घ्या असं सांगू शकतं. काय निर्णय घ्या हे नाही सांगणार, फक्त घ्या एवढंच. कलम ३६१ चं, म्हणजे आपल्या कामाबद्दल कोर्टात उत्तर द्यावं न लागण्याचं, जे संरक्षण आहे ते व्यक्ती म्हणून राज्यपालांना आहे, त्याच्या आड पूर्ण निष्क्रियता लपवता येणार नाही हेही स्पष्ट केलंय.

हे काहीच नसण्यापेक्षा बरं. पण व्यवहारात बघा, बिल अडकलं की राज्यानं आधी वाट बघायची, किती बघायची ते माहीत नाही, मग दिल्लीत याचिका, मग तारखा, मग 'निर्णय घ्या' असा आदेश, आणि त्यावर राज्यपाल बिल परत पाठवणार किंवा राष्ट्रपतींकडे धाडणार. पाच वर्षांच्या सरकारचं एक वर्ष यात सहज जातं. उशीर हाच नकार होऊन बसतो, त्यावर सही लागत नाही, कारण द्यावं लागत नाही आणि कुणाला उत्तरही द्यावं लागत नाही.

कारण देणं सक्तीचं आहे का?

परत पाठवताना संदेश जोडावा लागतो, कुठल्या तरतुदीचा फेरविचार करा, कुठली दुरुस्ती करा ते त्यात सांगता येतं. हा संदेश मला या यंत्रणेचा सगळ्यात चांगला भाग वाटतो. चांगला संदेश आला तर सभागृहाला खरंच दुसऱ्यांदा विचार करता येतो, घाईत राहिलेली चूक सापडते. राज्यपालांचं काम काय असावं असं मला कुणी विचारलं तर मी हेच म्हणेन, एकदा नीट, लेखी, कारणांसकट सांगा आणि मग सभागृहाचं ऐका.

राष्ट्रपतींनी कधी संसदेचं बिल अडवलंय का?

दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत. १९८६ चं टपाल सुधारणा विधेयक, सरकारला लोकांची पत्रं उघडायची जास्त मोकळीक देणारं, त्यावर राष्ट्रपती झैलसिंग यांनी ना सही केली ना परत पाठवलं, नुसतं ठेवून दिलं. ते कधीच कायदा झालं नाही. दुसरीकडे २००६ मध्ये लाभाच्या पदाचं (खासदाराला कुठली सरकारी पदं चालतात याबद्दलचं) बिल डॉ. कलाम यांनी फेरविचारासाठी परत पाठवलं, संसदेनं ते जसंच्या तसं पुन्हा पास केलं आणि मग कलामांनी सही केली. पत्रांच्या बाबतीत झैलसिंगांनी केलं त्याचा परिणाम मला आवडतो, हे मान्य करतो. पण पद्धत कलामांचीच बरोबर, कारण नुसतं ठेवून देण्याची सवय आपल्याला आवडणाऱ्या बिलांवरही उलटू शकते.

घटनादुरुस्तीच्या बिलावर मात्र राष्ट्रपतींना असा कुठलाच पर्याय नाही, १९७१ च्या २४ व्या घटनादुरुस्तीनं मंजुरी देणं बंधनकारक केलंय. म्हणजे घटना बदलायच्या बिलावर सही सक्तीची आणि विद्यापीठाच्या बिलावर अमर्याद काळ, हे कसं वाटतं बघा.

इतर देशांत काय करतात?

अमेरिकेत अध्यक्षांना रविवार सोडून दहा दिवस मिळतात. काँग्रेस चालू असेल आणि त्यांनी काहीच केलं नाही तर बिल आपोआप कायदा होतं, नकार दिला तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतांनी तो मोडता येतो. पाकिस्तानच्या घटनेतही प्रांताच्या गव्हर्नरला दहा दिवस आहेत आणि सभागृहानं पुन्हा पास केल्यावर सही झाली नाही तर मंजुरी मिळाल्याचं मानतात. ब्रिटनमध्ये राजेपदाकडून नकार शेवटचा आला तो १७०८ मध्ये. कॅनडाची रचना आपल्याला जवळची आहे, तिथेही प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरला बिल राखून ठेवता येतं, पण ते शेवटचं घडलं १९६१ मध्ये, सस्कॅचेवानमध्ये. कागदावर सत्ता तशीच राहिली, वापरायची पद्धत संपली.

मग आपल्याकडे यावर उपाय काय?

कोर्ट मुदत घालू शकत नाही असं म्हणतंय, ठीक, मग संसदेनं कलम २०० आणि २०१ मध्ये ती घालावी. 'शक्य तितक्या लवकर' च्या जागी आठवड्यांचा आकडा, आणि मुदत उलटली तर काय होईल हेही लिहून. कुठल्या पक्षाचं सरकार दिल्लीत आहे आणि कुठल्याचं राज्यात, यावर ज्याचं मत बदलतं त्याच्याकडून हे होणार नाही. आज केंद्रात असलेला प्रत्येक पक्ष कधी ना कधी एखाद्या राज्यात विरोधात बसलेला असतो, त्यामुळे हे सगळ्यांच्याच फायद्याचं आहे.

एखादं बिल कायदा झालंय की नाही हे मी स्वतः कसं तपासू?

राज्याच्या कायद्याची राजपत्रातली पीडीएफ उघडा. शीर्षकाच्या आसपास, साधारण कंसात, एक छोटी ओळ असते की राज्यपालांची संमती मिळाल्यानंतर हा अधिनियम अमुक तारखेला महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रथम प्रसिद्ध झाला. काही कायद्यांत राज्यपालांच्या जागी राष्ट्रपती असा शब्द दिसेल, म्हणजे ते दिल्लीला जाऊन आलंय. बिल सभागृहात पास झाल्याची तारीख आणि या ओळीतली तारीख शेजारी लिहा, मधलं अंतर मोजा. आणि अशी ओळच नसेल, फक्त सभागृहात पास झाल्याची बातमी असेल, तर ते अजून बिलच आहे, त्यावर विसंबून कुठलाही अर्ज, तक्रार किंवा व्यवहार करू नका.